तळ्याकाठी एक रात्र, माळावर एक रात्र

सहल म्हटली की आपल्या वस्तीत ठिकाणे ठरलेली असतात. ऑक्टोबरात नागपूरची दीक्षाभूमी, डिसेंबरात दादरची चैत्यभूमी, जमले तर मार्चमध्ये महाड. मुलांच्या शाळेने नेलेच तर वेरूळ-अजिंठा. खरे पाहता यातल्या पहिल्या तीन सहली नव्हेतच, ती आपली कर्तव्ये आहेत आणि ती आपण उभ्याने प्रवास करूनही पार पाडतो. बाकी कामगाराच्या घरात रजा खर्च होते ती लग्नात, पुण्यानुमोदनात, नाहीतर आजारपणात. सहज म्हणून कोठे जावे, उघड्या आभाळाखाली दोन रात्री काढाव्यात, पाखरे पाहावीत, ही गोष्ट बंगलेवाल्यांची, आपली नव्हे, असे आपण धरूनच चालतो.

वाचक बंधू-भगिनींनो, गेल्या जानेवारीत आम्ही पाच कुटुंबांनी हे धरून चालणे सोडले. सातपूरच्या कामगार वसाहतीतील ही कुटुंबे. लहानथोर मिळून एकवीस माणसे. एक रात्र निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याकाठी आणि दुसरी रात्र येवला तालुक्यात ममदापूरच्या माळरानाशेजारी काढली. दोन्ही ठिकाणे आपल्याच नाशिक जिल्ह्यात. तरी एकवीसपैकी एकोणीस माणसांनी ती कधी पाहिली नव्हती.

प्रस्ताव विहारातल्या रविवारच्या बैठकीत मांडला तेव्हा पहिला विरोध आमच्याच घरातून झाला. आमच्या आत्याबाई सत्तरीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "उघड्यावर झोपायला पैसे कशाला मोजायचे रे? आम्ही जन्मभर उघड्यावरच झोपलो." बैठक हसली, पण आम्हाला हसू आले नाही. कारण आत्याबाई खरे बोलत होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. रस्त्याच्या कडेला पाल, अंगाखाली गोणपाट, सुकडीची पिशवी उशाला. पुढे ऊसतोडीची दोन वर्षे झाली, तेव्हा बैलगाडीच्या खाली निजत असत. ज्या माणसाला छप्पर मिळायला चाळीस वर्षे लागली, त्याला छप्पर सोडून झोपण्यातली मौज कशी पटवायची? तेव्हा आम्हाला उत्तर सुचले नाही. "तुम्ही फक्त बरोबर चला, नाही आवडले तर सकाळी एस.टी.त बसवून देऊ," एवढेच आम्ही म्हणालो.

दुसरा विरोध मुलींवरून. बारावीला असलेल्या एका मुलीचे वडील म्हणाले, "दिवसा जाऊन संध्याकाळी परत येत असाल तर पाठवतो. रात्रीचे नको." त्यावर त्या मुलीची आईच उठली. ही माऊली अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते. ती म्हणाली, "उद्या पोरगी नोकरीला परगावी गेली, तर रोज रात्री तिच्या उशाशी बसायला जाणार आहात का?" वडील गप्प झाले आणि त्यांनी स्वतःचेही नाव यादीत घातले. आमचे मत असे की या सबंध सहलीतला सर्वांत मोठा प्रवास त्या पाच मिनिटांत झाला.

आता हिशेब. आम्ही पडलो कारकून, हिशेबाशिवाय आमचा घास उतरत नाही. पाच घरांनी दरमहा ६०० रुपये असे सहा महिने जमवले, म्हणजे १८,००० रुपये झाले. दोन क्रूझर गाड्यांना तीन दिवसांचे १२,६०० रुपये, शिधा ३,१५० रुपये, तिकिटे, वाटाड्या आणि दुर्बीण यांचे ९०० रुपये, ताडपत्री, दोरी, बॅटरीचे सेल असे ६४० रुपये. एकूण १७,२९०. शिल्लक ७१०. तंबू विकत घ्यावा असे तरुणांचे मत होते, पण किंमत ऐकून ते विरले. दोन मोठ्या ताडपत्र्या, बांबू, सतरंज्या आणि घरोघरच्या गोधड्या एवढ्यावर भागले. स्टोव्ह दोन. सोमवारची एक रजा प्रत्येकाने टाकली.

नांदूरमध्यमेश्वर नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला गेला. हेतू सरळ होता. दारणा आणि पुढे गंगापूर या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवायचे आणि दोन्ही तीरांच्या कालव्यांतून कोपरगाव-राहात्याकडच्या उसाला द्यायचे. पाखरांचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. परंतु नदी पाण्याबरोबर गाळ आणते. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मधे बेटे उठली, लव्हाळी आणि पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या दृष्टीने बंधारा निकामी होत गेला आणि लांब पायांच्या पाखरांच्या दृष्टीने तो तयार होत गेला. कारण बगळा, शेकाट्या, चमचा या पाखरांना खोल पाणी नको, घोटाभर चिखल हवा.

१९८६ साली सरकारने येथे अभयारण्य जाहीर केले. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा हा टापू. महाराष्ट्राचे भरतपूर असे त्याला म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये त्याला 'रामसर' स्थळाचा दर्जा जाहीर झाला आणि हा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातले पहिले स्थळ ठरले. रामसर हे इराणमधल्या गावाचे नाव आहे. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा राखण्याचा करार झाला. आमच्यातल्या एका चिमुरड्याला ते 'रामसर' म्हणजे कोणी मास्तर वाटले होते, 'राम सर'. तो गैरसमज दूर करावा लागला.

गाळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाखरांना जो गाळ लाभला तोच वरच्या अंगाच्या गावांना भोवतो असे तेथील शेतकरी सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला तेव्हा चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरले होते. चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याने आम्हाला भिंतीवरची पुराची खूण दाखवली. ती आमच्या छातीच्या वर होती. "पाहुण्यांना पाखरे दिसतात, आम्हाला पाणी दिसते," तो म्हणाला. यावर काय बोलावे! आम्ही चहाचे पैसे दिले आणि निघालो.

अभयारण्याच्या आत मुक्काम ठोकायचा नाही हे आम्ही आधीच ठरवले होते. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, गावातले तरुण वाटाडे म्हणून मिळतात. आमच्या वाटाड्यानेच पाण्यापासून थोड्या अंतरावरच्या एका कांदेवाल्या शेतकऱ्याचे खळे मिळवून दिले. शेतकरी साठीचे. गाव विचारले, आम्ही सांगितले. आडनाव विचारले, आम्ही तेही सांगितले. क्षणभर ते थांबले. तो क्षण कसा असतो हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. मग ते घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, एकवीस कप चहा ठेव." कप घरातलेच होते, चिनीमातीचे. आत्याबाईंनी कप हातात धरून उलटसुलट पाहिला आणि मगच चहा प्यायल्या.

जानेवारीतली निफाडची थंडी म्हणजे चेष्टा नव्हे. येथला पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि द्राक्षांचे मणी वाचावेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आम्ही ताडपत्रीची एक बाजू वाऱ्याकडे बांधली, खाली उसाचे पाचट, त्यावर सतरंज्या आणि मुले मधे. स्वयंपाक पुरुषांनी केला, हे बैठकीतच ठरले होते. पिठले जरा करपले, पण बायकांनी उघड्यावर पाय पसरून, शाली पांघरून, आयते ताट हातात घेतले तेव्हा कोणाची तक्रार आली नाही. एक भगिनी म्हणाली, "लग्नाला एकोणीस वर्षे झाली. बसल्या जागी ताट मिळायला थंडीत एवढ्या लांब यावे लागले!"

रात्री दिवे मालवले आणि पाण्यावरचा आवाज सुरू झाला. शहरातल्या माणसाला वाटते, रात्री तळे झोपते. ते झोपत नाही. बदकांची कुजबुज, पंखांची फडफड, मधेच कोणाचे तरी भांडण, आणि सारख्या टिटवीच्या हाका. टिटवी ओरडू लागली तेव्हा दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले. टिटवी ओरडली की मरण येते, पिंगळा बोलला की घरावर संकट येते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. वाटाडा पोरगा हसून म्हणाला, "काकू, टिटवी जमिनीवर अंडी घालते. कुत्रे, कोल्हे, माणूस कोणीही जवळ आले की तिला ओरडावेच लागते. आणि पिंगळा उंदीर खातो, त्याच्यामुळे आमचे धान्य वाचते." बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरांतसुद्धा टिटवी अजून अपशकुनी राहिली होती, ती त्या रात्री सुटली. निदान तीन घरांत तरी सुटली.

पहाटे पाच वाजता उठलो. पाण्यावर धुके इतके दाट की मनोऱ्याची खालची पायरी दिसत नव्हती. आधी फक्त आवाज आले. मग धुके वर जाऊ लागले आणि पाण्यावर काळे ठिपके दिसू लागले. शेकडो होते. ते वारकरी. होय, या काळ्या, पांढऱ्या चोचीच्या पाणपाखराला मराठीत वारकरीच म्हणतात. मग जांभळी पाणकोंबडी, लाल पायांची, पाणवनस्पतींवर शेपूट उडवत चाललेली. चोचीऐवजी जणू पळी बसवलेला चमचा. चित्रबलाक. थापट्या आणि तलवार बदके. केशरी रंगाचे चक्रवाक जोडीने. आणि उन्हे आली तेव्हा डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब. हे पाखरू मध्य आशियातून हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळ्याला येते. ना पासपोर्ट, ना जातीचा दाखला, असे आमच्यातला एक रेल्वेवाला मित्र म्हणाला. वाक्य टाळ्यांचे होते, पण दुर्बिणीची पाळी आपल्याकडे यावी म्हणून सगळे रांगेत होते, टाळ्या कोण वाजवणार.

बारावीच्या त्या मुलीने वहीत रकाने आखले होते. पाखराचे नाव, संख्या, काय करीत होते, कोणी आधी पाहिले. नऊ वाजेपर्यंत चौतीस जातींची नोंद झाली. तिचे वडील, जे तिला पाठवणार नव्हते, ते तिच्या मागे उभे राहून "अगं ते लिहिलेस का, तो काठावरचा खंड्या?" असे विचारत होते.

तळ्याच्या काठावर उभे राहिले की आपल्या माणसाला २० मार्च १९२७ आठवतोच. आम्ही त्यावर भाषण केले नाही. पण आत्याबाई पाण्याजवळ बसून मुलांना सांगत होत्या की त्यांच्या आईला गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन उभे राहावे लागे, कोणी वरून ओतील तेव्हा. "कधी कधी दुपार व्हायची," त्या म्हणाल्या. "आणि मग?" एका लहानग्याने विचारले. "मग काय, दुपारी स्वयंपाक." पोरांना ती गोष्ट फार समजली असे वाटले नाही. ती लगेच पळाली, शेकाट्याचे लाल पाय पाहायला.

त्यांना एस.टी.त बसवून देण्याची वेळ आली तेव्हा आत्याबाईंनी विषयच काढला नाही. गाडीत पुढची जागा धरून त्या बसल्या होत्या.

दुपारी येवल्याला मुक्तिभूमीवर थांबलो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी याच येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. त्याविषयी या साप्ताहिकातून आपण दरवर्षी वाचतो, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. वंदना घेतली, डबे खाल्ले, पुढे निघालो.

येवल्याच्या ईशान्येला रस्ता चढू लागला की जमीन बदलते. द्राक्षे, ऊस, हिरवेगार काही नाही. मुरमाड उतार, खुरटी बोरी-बाभळी आणि दूरवर पिवळे गवत. ममदापूर-राजापूरचा हा माळ. येथे काळविटांचे कळप आहेत. २०१४ साली सुमारे चोपन्न चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले आहे. लोक त्यांना सरसकट हरणे म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

शाळेच्या भूगोलात आम्ही घोकले होते की उत्तर अमेरिकेत प्रेअरी, रशियाकडे स्टेप, दक्षिण अमेरिकेत पंपास. परीक्षेत गवताळ प्रदेशांची नावे लिहा म्हटले की ही तीन लिहून पाच गुण मिळत. आपल्या माळाचे नाव मात्र आम्हाला कोणी सांगितले नाही. सरकारी दप्तरात त्याचे नाव 'पडीक'. पडीक म्हणजे काहीच नसलेली जागा, म्हणजे तिचे काहीही करा. झाडे लावा, कारखाना काढा, नांगरा. अमेरिकेने आपल्या प्रेअरीचे तेच केले. हजारो मैल गवत नांगरून गहू पेरला. १९३० च्या दशकात अवर्षण पडले तेव्हा मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी झालेली होती. ती वाऱ्याबरोबर उडाली, दिवसा अंधार झाला आणि लाखो गरीब कुटुंबे घर सोडून देशोधडीला लागली. पुढे त्यांच्या सरकारने उजाड झालेल्या जमिनी विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणल्या. आता तेथे लोक तळ्याकाठी, गवतात तंबू ठोकून सुटी घालवतात. आपल्याकडे माळाबरोबर गेला तो माळढोक. ज्याच्या नावातच माळ आहे असे हे मीटरभर उंचीचे पाखरू. सोलापूरकडे नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तरी आज सबंध देशात ते दीडशेच्या आसपासच उरले आहे आणि बहुतेक राजस्थानात.

माळावर पहिला धडा कुसळाने दिला. हे गवत वाळले की त्याचे टोकदार बी कपड्यात शिरते आणि वळत वळत आत जाते. सॉक्स घालून आलेल्या सगळ्यांचे पाय संध्याकाळपर्यंत कुसळांनी भरले. आत्याबाई अनवाणी होत्या, त्यांना एकही लागले नाही.

हरणे दिसली ती साडेपाचच्या सुमारास. आधी फक्त कान दिसले. मग पिवळ्या गवतातून पिवळ्याच माद्या उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पलीकडे एक नर. पाठ काळीभोर, पोट पांढरे, शिंगे पिळाची. आम्ही एकवीस माणसे रस्त्याच्या कडेला श्वास धरून. कोणाच्या तरी खिशातला मोबाईल वाजला आणि कळप उधळला. एक मादी नुसती धावत नव्हती, चारही पायांवर सरळ वर उडत होती. एका मुलाने विचारले, "ती अशी का उडते?" आमच्या यजमानांनी सांगितले, "तुला दाखवायला, की मी धडधाकट आहे, माझ्यामागे लागू नको." ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत हे जनावर धावते असे पुस्तकात वाचले होते. डोळ्यांना ते फक्त नाहीसे झाल्यासारखे दिसते.

आता यजमानांविषयी. ते आपल्याच समाजातले. त्यांच्या वडिलांनी गायरानातला दोन एकर मुरूम फोडून जमीन केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो माणसे तुरुंगात गेली, तेव्हापासून गावोगाव आपल्या माणसांनी अशा पडीक जमिनी कसल्या. त्या मिळाल्या म्हणून कोणाच्या घरात ज्वारी आली, कोणाचे पोर शिकले. मग आज आम्ही शहरातून येऊन म्हणायचे का, की माळ नांगरू नका, हरणांचा आहे? हा प्रश्न रात्री जेवताना निघालाच. कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली की पडीक म्हणणेच चूक, गवत हेही पीकच आहे. यजमान म्हणाले, "ताई, बरोबर आहे तुझे. पण वाटणी झाली तेव्हा चांगली जमीन कोणाकडे होती? आमच्या वाट्याला माळच आला, आणि हरणांच्याही वाट्याला माळच आला. आता आम्ही दोघे एकमेकांचे खातो."

ते विनोदाने बोलले, पण खाणे खरे आहे. त्यांच्या हरभऱ्याचा पश्चिमेकडचा तुकडा आम्ही सकाळी पाहिला, शेंडे खुडून नेल्यासारखा. म्हणून हे गृहस्थ नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज रात्री शेतातल्या माच्यावर झोपतात. घोंगडी, बॅटरी आणि एक रिकामा पत्र्याचा डबा वाजवायला. आम्ही दोन रात्री उघड्यावर काढल्या त्याचा लेख लिहितो आहोत. त्यांच्या चार महिने उघड्यावर काढण्याला राखण म्हणतात.

हरणाचा राग आहे का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "राग कसला? उन्हाळ्यात पाणी शोधत ती विहिरीत पडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. गेल्या वर्षी एक पाडस आम्हीच दोराने वर काढले." उन्हाळ्यात माळावरचे पाणवठे टँकरने भरावे लागतात. तो टँकर उशिरा आला की गावातली माणसेच फोन करतात. हरणाला इजा करणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोठा गुन्हा आहे, पण त्या गावात आम्हाला कायद्यापेक्षा सवय जास्त दिसली.

पिकाच्या नुकसानीची भरपाई सरकार देते. अर्जाला सातबारा जोडावा लागतो. यजमानांच्या बापाने कसलेली जमीन अजून त्यांच्या नावावर नाही, म्हणून सातबारा नाही, म्हणून भरपाई नाही. दोनदा एका कचेरीतून परत आले होते. तेथे आमचा कारकुनी जीव जागा झाला. रात्री नऊ वाजता माच्याखाली, बॅटरीच्या उजेडात आम्ही दोन अर्ज लिहिले. एक अतिक्रमण नियमित करण्याबाबत, कारण १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या कब्जासंबंधी शासनाचा निर्णय आहे आणि त्यांच्याकडे त्याआधीच्या दंडाच्या पावत्या होत्या. दुसरा नुकसानीचा पंचनामा करण्याबाबत. पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटी भिंतीच्या कोनाड्यात. बापाने सांगून ठेवले होते म्हणे, "घर जळाले तरी आधी पेटी काढ." त्या पावत्यांपैकी सर्वांत जुनी हातात धरली तेव्हा कागद घडीवर फाटत आला होता. त्याची छायांकित प्रत काढून मूळ कागद परत पाठवण्याचे आम्ही कबूल केले. ते काम त्याच आठवड्यात केले.

दरम्यान आत्याबाई शेजारच्या बायकांबरोबर आकाश पाहत होत्या. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, खाली मृगाचे तिकांडे. शहरात ज्यांचे नावही निघत नाही त्या चांदण्या त्यांना पाठ होत्या, कारण घड्याळ नसताना पाणी धरायला आणि गाडी जुंपायला वेळ त्यावरूनच कळे. त्या म्हणाल्या, "बाजले अजून उगवायचे आहे. चार पायांचे बाजले आणि ते चोरायला आलेले तीन चोर." मुले त्यासाठी जागी राहिली. अकराच्या सुमाराला ईशान्येला सप्तर्षी वर आले तेव्हा सगळी पोरे ओरडली, "आत्या, बाजले!" पलीकडे धनगरांचा वाडा बसला होता. त्यांची कुत्री भुंकू लागली आणि मग मेंढ्याही.

माळाची दुसरी गोष्टही त्याच रात्री निघाली. आत्याबाईंनी आधी ती कधी सांगितली नव्हती. त्यांच्या लहानपणी गावात जनावर मेले की ते ओढून माळावर टाकण्याचे काम आपल्याच वाड्याचे. त्यांचे वडील आणि चुलते बैल ओढीत नेत, ही पोर मागे मागे जाई. माळावर गिधाडे आधीच येऊन बसलेली असत. "तीस-चाळीस तरी असायची. तासाभरात हाडे उरायची. मला माळ म्हटले की तेच दिसते, आणि वास," त्या म्हणाल्या. बाबासाहेबांनी सांगितले, आपल्या माणसांनी ती मेलेली गुरे ओढणे सोडले. आता गिधाडेच नाहीत, कोठे गेली, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले की गुरांना डायक्लोफिनॅक नावाचे दुखण्यावरचे औषध टोचत, ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही वर्षांतच ती लाखोंनी मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही काम सोडले ते बरेच झाले. पण त्यांनी काय कोणाचे वाईट केले होते?"

ज्यांना असे जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय मुक्काम करू नये, बाहेर शेतकऱ्याच्या खळ्यात, शाळेच्या पटांगणात परवानगीने राहावे, आणि मुक्कामाचे पैसे आपण होऊन द्यावेत. माळावर शेकोटी अजिबात नको. जानेवारीत गवत काडीसारखे पेटते, आणि एक ठिणगी पुरे. स्टोव्हसुद्धा नांगरलेल्या जमिनीवर पेटवावा. भडक कपडे नकोत, गाणी नकोत. बायकांच्या सोयीसाठी आधीच यजमानाच्या घरच्या बायकांशी बोलून घ्यावे. आमच्या मंडळींनी ते फोनवर केले म्हणून कोणाची अडचण झाली नाही. दोन माणसी तीन गोधड्या लागतात. कचरा परत आणावा. आणि सॉक्स घालू नयेत!

परत आल्यावर महिन्याभराने यजमानांचा फोन आला. पंचनाम्याला माणूस येऊन गेला. जमिनीच्या अर्जाची पोहोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. आम्ही दर पंधरा दिवसांनी विचारणा करतो. ज्यांच्या घरी १९९० पूर्वीच्या गायरान कब्जाच्या पावत्या पडून असतील, त्यांनी त्या आजच शोधून छायांकित प्रती काढून ठेवाव्यात. कागद फार दिवस टिकत नाही.

शिल्लक ७१० रुपयांतून मुलींनी पक्ष्यांचे एक पुस्तक घेतले. चौतीस नोंदींची ती वही आणि हे पुस्तक विहारातल्या कपाटात ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर न्यावे, नाव लिहून न्यावे आणि आठ दिवसांत परत करावे. सध्या ते आत्याबाईंच्या नावावर आहे. त्यांना वाचता येत नाही, नातवंडे वाचून दाखवतात.